चिपदर्शकाचं ‘नाही’

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

माझ्या हातांनी मी आजवर काय काय केलं ते आधी लिहून ठेवतो. ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच, तर माणूस कोण होता ते तरी कळेल.

नववीत असताना रेडिओ. त्यावर फक्त सांगली लागायची, पण स्वच्छ लागायची. वडिलांच्या किराणा दुकानासाठी उंदीर आला की घंटा वाजवणारी पेटी. ती गिऱ्हाइकाला वाजली, मांजराला वाजली, वडिलांना वाजली. मंगळवार पेठेतल्या गिरणीचा स्टॅबिलायझर, अजून चालू आहे. तालमीच्या गणपतीची फिरती रोषणाई, एकदाच जळाली. सायकलच्या तारांचा सोल्डरिंग स्टँड. दुकानातलं बाक. घरचा इन्व्हर्टर, जो माझ्या बायकोच्या, महादेवीच्या मते रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा आवाज करतो. आणि कॉम्प्युटर. बोर्ड स्वतः निवडून, प्रत्येक स्क्रू स्वतः आवळून जोडलेले. किती ते मी मोजत नाही, मोजलं की माणूस गर्विष्ठ होतो. (चारशे बारा.)

शिक्षण दहावी. पुढचं सगळं उघडून बघून.

ही वही खताच्या दुकानातून फुकट आलेली. बायकोनं हातात दिली आणि म्हणाली, “रोज मला सांगत बसता त्यापरास हितं लिवा. वही मधेच उठून जात न्हाय.”

तर सांगण्यासारखं असं. चौदा ऑक्टोबरनंतर विंडोज दहाची देखभाल बंद होणार. दुकानात येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, “आण्णा, आमचं मशीन अकराला चालंल का?” अकराची मुख्य अट म्हणजे मशीनमध्ये सुरक्षेची चिप पाहिजे, आवृत्ती दोन. ही चिप कधी बोर्डावर वेगळी असते, कधी प्रोसेसरच्या पोटातच असते. ती किल्ल्या सांभाळते. किल्ली कुणाला देत नाही, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तेवढी देते. विंडोज तिला विचारतं: आहेस का, चालू आहेस का, कितवी आवृत्ती, कुणी बनवली. आणि ही उत्तरं आपल्या यादीत मांडून ठेवतं. यादी इंग्रजीत, आणि तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी. कंपनीचं तपासणीचं साधन आहे, पण दुसऱ्यानं केलेल्या साधनावर मी सही करत नाही.

विंडोजला विचारून मराठीत एका ओळीत उत्तर देणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिणार. नाव ठरलं आहे: चिपदर्शक. नावाला दोन तास लागले. प्रोग्रामला तेवढे लागू नयेत.

१७ ऑगस्ट, रविवार

सहा दिवस लागले.

त्यातले दोन एका आकड्यानं खाल्ले. चिप कुणी बनवली हे विचारलं की विंडोज दहा आकडी संख्या देतं: १२२९८७०१४७. मी धरून चाललो की हा चिपचा अनुक्रमांक. मग दुसऱ्या मशीनवर बघितलं, तोच आकडा. तिसऱ्यावर तोच. मी हादरलो. जगभर एकाच क्रमांकाच्या चिपा विकल्या जातात आणि हे मंगळवार पेठेत मला पहिल्यांदा कळतंय! तक्रारीचा मसुदा तयार केला, ‘महोदय’ पर्यंत.

महादेवी चहा घेऊन आली आणि स्क्रीनकडं बघून म्हणाली, “धा आकडं हायत. मोबाईल नंबर हाय का? लावून बगा की.”

मी तिला समजावून सांगितलं की मोबाईल नंबर एकनं सुरू होत नाही.

नंतर कळलं की तो आकडा म्हणजे बनवणाऱ्याच्या नावाची चार इंग्रजी अक्षरं, एकाला एक चिकटवून संख्या केलेली. एकाच कंपनीच्या सगळ्या चिपांना तोच येणार. मसुदा फाडला. मोबाईलची शंका माझ्या शंकेपेक्षा फार मागं नव्हती, हे महादेवीला सांगितलेलं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

चाचणी झाली. माझ्या नव्या मशीनवर: ‘चिप आहे. चालू आहे. आवृत्ती २.०.’ माळ्यावरच्या सोळा वर्षं जुन्या डब्यावर: ‘चिप नाही.’ दोन्ही उत्तरं खरी.

दोन्ही बाजू तपासल्या. होय आणि नाही, तिसरं काय असतं जगात?

२५ ऑगस्ट, सोमवार

सम्राटशेठ दुकानात आले. त्यांची काचेची मोठी शोरूम आहे, नवीन कॉम्प्युटर विकतात. माझ्या बाकावर बसायच्या आधी ते नेहमी रुमाल अंथरतात. आज अंथरला नाही. चिपदर्शकाची कीर्ती त्यांच्यापर्यंत गेली आहे. (मीच चार ठिकाणी सांगितलं होतं, पण गेली हे खरं.)

नव्या मशीनवर मी त्यांना ‘चिप आहे’ दाखवलं. ते फोन बघत होते. मग जुना डबा लावला. ‘चिप नाही’ आलं तसा फोन खाली.

“परत दावा बरं, आण्णा.”

दाखवलं.

“आणि हे नाही म्हटलं की मग नाहीच? बदलत नाही नंतर?”

“मी लिहिलेला प्रोग्राम हाय शेठ. मूड बघून बोलत न्हाय.”

“लई भारी. एक करा, नाही लाल रंगात करा. मोठ्या अक्षरात. खाली तुमचं नाव टाका.”

कदरदान माणूस. इतक्या वर्षांत माझ्या कामात अक्षराच्या आकाराकडं लक्ष देणारा पहिलाच. त्यांनी एक कामही आणलं. गारगोटीच्या मुलींच्या शाळेत त्यांनी नव्या मशीनचा भाव दिलाय, पण मुख्याध्यापिका म्हणतात आधी कुणीतरी त्रयस्थ माणूस जुनी तपासून जाऊ दे. “मी म्हटलं, कोल्हापुरात त्रयस्थ एकच. आण्णाचा शब्द म्हणजे शब्द.”

ती लॅब मीच जोडलेली आहे, सहा वर्षांपूर्वी. चौदा मशीन. मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, “मग तर काय, आईच सांगणार लेकराचं वय.”

लाल रंग केला. चांगला दिसतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

गारगोटीला जाऊन आलो.

मुख्याध्यापिका वर्षाराणी मॅडम कमी बोलतात आणि समोरच्यानं जास्त बोललं की घड्याळ बघतात. माझ्यासमोर चार वेळा बघितलं. शिपाई केरबा मशीन चालू करत पुढं गेला, मी पेनड्राइव्ह लावत मागं. पहिलं, लाल. दुसरं, लाल. सातव्यापर्यंत मुली दारात गोळा झाल्या. चौदाच्या चौदा लाल. बाकी सगळं अकराच्या अटीत बसत होतं, प्रोसेसर, मेमरी, सगळं. फक्त चिप नाही.

केरबा म्हणाला, “चौदाबी जणास्नी एकच रोग? कोंबड्यास्नी येतो तसा?”

मी म्हणालो, “एकाच वेळी घेतलेली मशीन हायत, एकसारखीच असणार.”

“मग एकसारखी चांगली का न्हाय निघाली?”

केरबाला तांत्रिक गोष्टी काय सांगणार.

मॅडमनी विचारलं, “आण्णा, ही तुम्हीच जोडली होती ना?”

“म्हणूनच तर खात्रीनं सांगतो.”

या वेळी त्यांनी घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाल्या, “म्हणजे बस पुढच्या वर्षी.” शाळेनं गाडीसाठी पैसे साठवले आहेत. वरच्या वाड्यांतल्या मुली दीड-दोन तास चालत येतात. आठवीत गेल्या की घरचे म्हणतात पुरे. या जूनमध्ये तीन आल्या नाहीत. संस्थेची बैठक सव्वीसला आहे, त्यात पैसा एकाच गोष्टीला मिळणार. चाचणी परीक्षा सगळ्या कॉम्प्युटरवर होणार, तेव्हा आता तो कॉम्प्युटरलाच.

वाईट वाटलं. पण यंत्रापुढं भावना चालत नाहीत. अहवालावर सही केली. ‘ग’चा गोल जरा मोठा आला, पण एकंदर सही उत्तम.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सम्राटशेठनी शाळेची मशीन टेम्पोनं उचलली. आधी खोली रिकामी करून रंग देतो म्हणाले, तोही स्वतःच्या खर्चानं. नवीन मशीन बैठकीनंतर. मला पेढ्यांचा बॉक्स आला. महादेवी म्हणाली, “मशीन मेली म्हणून पेढं?” बायकांना धंद्यातला शिष्टाचार कळत नाही. चार खाल्ले. (तिनं एकही नाही.)

१८ सप्टेंबर, गुरुवार

आजचं लिहू नये असं वाटतंय. म्हणून लिहितो.

माझ्या दुकानात बिलं करायला जे मशीन आहे ते गारगोटीच्या चौदांचं सख्खं भावंड. त्या वेळी पंधरा बोर्ड घेतले होते, एक मी ठेवला. सकाळी एका गिऱ्हाइकाची डिस्क तपासायची होती, म्हणून मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायला बायोसमध्ये गेलो. बायोस म्हणजे विंडोज उठायच्या आधी जे उठतं ते. कुठला भाग चालू, कुठला बंद, ते तिथं ठरतं.

तिथं माझ्याच हातची रांग दिसली. बंद, बंद, बंद. जुन्या प्रिंटरचं पोर्ट बंद. सिरीयल पोर्ट बंद. माझा नियमच आहे, जे लागत नाही ते बंद करून मगच मशीन गिऱ्हाइकाला द्यायचं. घरीसुद्धा दूध उतरलं की रेग्युलेटर बंद, खोलीतून उठलो की पंखा बंद, मग त्यात कोणी बसलेलं का असेना. महादेवी म्हणते, “एक दिवस मलाबी बंद करशीला.”

त्या रांगेत खालून दुसरी ओळ होती सुरक्षेच्या चिपची. बंद.

सहा वर्षांपूर्वी ती चिप कुणालाही लागत नव्हती. म्हणून मी बंद केली. पंधराही मशीनमध्ये. एकेक करून, काळजीपूर्वक.

चालू केली. मशीन उठलं. चिपदर्शक लावला. ‘चिप आहे. चालू आहे. आवृत्ती २.०.’ हिरव्या अक्षरात. परत बंद केली, परत लावला. लाल.

बायोस जे दाखवतं तेवढंच विंडोजला दिसतं. बायोसनं चिपेवर पडदा टाकला की विंडोजची यादी रिकामी. आणि यादी रिकामी दिसली की माझा प्रोग्राम छातीठोकपणे सांगतो: नाही. दार आतून बंद असलं तर पोस्टमन ‘घर पाडलं’ असं लिहून जात नाही. तेवढी अक्कल पोस्टमनला असते. मी दोन मशीनवर चाचणी घेतली, एक उघड्या दाराचं, एक बिनघराचं. कडी लावलेलं घेतलंच नाही. आणि कडी लावणारा मी.

महादेवीला सांगितलं. ती फक्त म्हणाली, “गारगोटीला जाणार हायसा की न्हाय?”

मी म्हणालो, पितृपंधरवडा चाललाय, संपला की जाऊ.

“आपण लिंगायत. सासऱ्यांनी कधी पंधरवडा पाळला न्हाय, तुमी पाळला न्हाय. आजच कसा आठवला?”

१९ सप्टेंबर, शुक्रवार

गप्प बसलो तर काय होईल याचा नीट विचार केला. कुणालाही कळणार नाही. नवीन मशीन येतील, ती चांगली चालतील, मुली खूश होतील. चारशे बारा मशीनचा माणूस म्हणून मी राहीन. एवढं सगळं पटलं, आणि जेवण गेलं नाही.

दुपारी सम्राटशेठना फोन केला. चूक माझी आहे, मशीन चांगली आहेत, परत पाठवा, असं सरळ सांगितलं. ते ‘अस्सं’ म्हणाले. मग हसले.

“आण्णा, झालं ते झालं की. मशीन कवाच उचगावला गेली भंगारात. तुम्ही हे कुणाला बोलला नाही ना?”

“बायकोला.”

“मग तिथंच ऱ्हावू द्या. तुमचं एवढं नाव हाय, कशाला मातीत घालताय?”

माझ्या नावाची माझ्यापेक्षा त्यांना जास्त काळजी. मोठ्या मनाचा माणूस, असं वाटलं. फोन ठेवल्यावर महादेवीनं विचारलं काय म्हणाले. मी सांगितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ती उंदराची घंटा वाजवणारी पेटी आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

उचगाव. भंगाराचं गोडाऊन झुंबरबाईंचं आहे. साठीच्या, कपाळाला मोठं कुंकू, खुर्ची तराजूशेजारी. पत्र्याच्या ढिगाऱ्यामागून आवाज आला, “कोण पावणं?”

“कॉम्प्युटरवाला हाय, मंगळवार पेठेतला.”

“मग उलटं आलासा. कॉम्प्युटरवाली हितं टाकून जात्यात. मागाय कोण येत न्हाय.”

मी सांगितलं की गारगोटीच्या शाळेची चौदा मशीन मला परत पाहिजेत.

“का? सोनं हाय का आत?”

“नाही. चिप हाय.”

“मग सगळ्यातच असती की.”

“ही बंद होती. मीच केलती. आणि मग मीच म्हणालो की न्हाय म्हणून.”

त्या खुर्चीत पुढं सरकल्या. “म्हंजे तुमीच कुलूप लावलं आणि तुमीच बोंब मारली की घरात कोण न्हाय?”

मी हो म्हणालो. चिपदर्शकाचं सगळं तंत्र मी सम्राटशेठना अर्धा तास समजावलं होतं. यांना एका वाक्यात कळलं.

मशीन ताडपत्रीखाली होती. तेरा जशीच्या तशी. एकाचा बोर्ड कुणीतरी काढून नेला होता. मी प्रत्येकाचा नंबर बघितला, माझ्याच हातचा, मागच्या पट्टीवर मार्करनं. झुंबरबाई म्हणाल्या, “नशीब तुमचं. शेठनं रोज फोन लावलाय, फोडली का, फोडली का. भंगाराची येवढी घाई मी कधी बघितली न्हाय. पर माझा तराजू बिघडलाय, वजनाबिगर मी फोडत न्हाय, म्हणून ऱ्हायली.”

त्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा माल विकत घेताना जास्त वजन दाखवत होता. “कमी दावत असता तर मी दुरुस्त करून घेतला असता का?” त्या म्हणाल्या. मी काटा उघडला. वजन घेणाऱ्या पट्टीखाली लोखंडाचा कीस साचला होता आणि एक वायर सैल झालेली. साफ केला, वायरला डाग दिला. (ही दुरुस्ती पहिल्या पानावरच्या यादीत घालावी काय, विचार करतो आहे.) बाईंनी स्वतः काट्यावर उभं राहून बघितलं आणि आकडा बघून मला म्हणाल्या, “आता खोटं बोलाय लागला.” मग मशीन ज्या भावानं घेतली होती त्याच भावानं दिली, वर चहा.

शेठनी रोज फोन का केला असेल? शिस्तीचे आहेत, काम वेळेत संपवायला आवडतं, असं मी टेम्पोत बसताना मनाशी म्हटलं. मग ‘बदलत नाही नंतर?’ आठवलं. लाल रंग आठवला. फुकटचं रंगकाम. रुमाल न अंथरता बसणं. घरी पोहोचल्यावर पेढ्यांचा बॉक्स कचऱ्यात टाकला. त्यांना माझा प्रोग्राम आवडला नव्हता, त्याची चूक आवडली होती.

२१ सप्टेंबर, रविवार

तेरा मशीन उघडली, पुसली, चिप चालू केली. तेराही हिरवी. महादेवी कपडा घेऊन शेजारी बसली होती. प्रत्येक वेळी हिरवं आलं की म्हणायची, “हाय की!” तेरा वेळा. पहिल्या तीन वेळा अपमान वाटला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी टेम्पो घेऊन गारगोटीला. चौदाव्याच्या जागी दुकानातलं पंधरावं भावंड घातलं.

मॅडमना ऑफिसमध्ये सांगितलं. सगळं सांगितलं, यादी रिकामी कशी येते, बायोस कसा पडदा टाकतो. त्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या, “परिपाठाची वेळ झाली. चला.”

या शाळेत परिपाठाला एक रीत आहे. रोज कुणीतरी एक पायरीवर उभं राहून आपली कालची चूक सांगतं, एका वाक्यात. मुलगी असो, शिक्षिका असो, मॅडम स्वतः असोत. तोवर कुणी हसायचं नाही. मग मॅडम म्हणतात ‘हसा’, सगळी शाळा एकदाच हसते, आणि विषय संपला. परत कुणी ती चूक काढायची नाही.

मला वाटलं मला पाहुणा म्हणून बोलावलंय. पायरीवर गेल्यावर कळलं.

समोर मुलींच्या रांगा. मी सुरुवात केली, “सुरक्षेची चिप ही मुळात दोन प्रकारची असते...” मॅडम हळूच म्हणाल्या, “आण्णा, एका वाक्यात.”

“विंडोजची यादी जेव्हा रिकामी...”

“एका वाक्यात.”

माझ्या आयुष्यात एका वाक्यात मावलेली गोष्ट नाही. मग म्हणालो, “जे मीच बंद केलं होतं ते मला दिसलं नाही, म्हणून ते नाहीच असं मी लाल अक्षरात सही करून दिलं.”

एक कबुतर तेवढं पत्र्यावर चाललं.

“हसा,” मॅडम म्हणाल्या.

मी गिरणीशेजारी वाढलो आहे, मोठ्या आवाजाची सवय आहे. असला आवाज कधी ऐकला नव्हता. हातवारे करून हसल्या, एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या. केरबा कठड्याला धरून हसत होता आणि सगळ्या थांबल्यावरही थांबला नाही, मॅडमना त्याच्याकडं बघावं लागलं. मग मुली वर्गात गेल्या. जाता जाता कुणी माझ्याकडं वळून बघितलं नाही. रीत म्हणजे रीत.

लॅबमध्ये मशीन परत मांडली. केरबा वायरी देत होता. मला वाटलं आता तो कोंबड्यांचं काढणार. तो म्हणाला, “आण्णा, कडी काढायची कशी ते मला दावून ठेवा. तुमी रोज न्हाय यायचा.” दाखवलं. त्यानं पाटीवर खडूनं लिहून घेतलं, माझ्यापेक्षा सुबक.

२७ सप्टेंबर, शनिवार

मॅडमचा फोन. काल संस्थेची बैठक झाली, गाडीला मंजुरी मिळाली, दिवाळीनंतर येईल. माझे आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं, हे मला फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी पटलं. त्याआधी दहा मिनिटं मी वाट बघत होतो.

५ ऑक्टोबर, रविवार

चिपदर्शक, दुसरी आवृत्ती. आता उत्तरं तीन. हिरवं: चिप आहे. लाल: या बोर्डात चिप बसतच नाही, हे मी बोर्डाचं नाव यादीशी ताडून मगच म्हणतो, आणि यादी माझी आहे. पिवळं: ‘चिप दिसत नाही. बायोस उघडून बघा. मग बोला.’

नऊ मशीनवर चाचणी घेतली. कडी लावलेल्या चार धरून. प्रोग्राम फुकट ठेवला आहे. आजवर सात जणांनी घेतला. त्यातल्या तिघांचा फोन आला की पिवळं आलं तर काय करायचं. पिवळ्यात लिहिलंय ते करा, म्हणालो. “म्हणजे होय का नाही, आण्णा?”

लोकांना तिसरं उत्तर आवडत नाही. मलाही ऑगस्टपर्यंत नव्हतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल विंडोज दहा संपलं. आज सकाळी सम्राटशेठ आले. रुमाल अंथरून बसले.

उचगावचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. म्हणाले, “आण्णा, तुमचं नवीन लई किचकट झालंय. पिवळं काय, बायोस काय. संस्थेच्या चेअरमनला होय की नाही पायजे असतंय. जुनं द्या मला.”

“जुनं चुकीचं हाय, शेठ.”

“चुकीचं कुठं? सावध हाय म्हणा. शंका आली की नाही म्हणतंय. पाच तालुक्यांतल्या शाळा, सोसायट्या, दूध संस्था, माणसं पाठवून सगळीकडं लावतो. तुमचं नाव खाली तसंच ऱ्हावू द्या, त्याच्यावरच तर विश्वास हाय लोकांचा. फक्त एक, विकत घेतल्यावर तुम्ही त्यात परत काय दुरुस्ती करायची नाही.”

मग रक्कम सांगितली.

मी ताबडतोब नको म्हणालो असं इथं लिहायला छान वाटलं असतं. चहा दोनदा झाला. माझ्या हातच्या कुठल्याही बरोबर चालणाऱ्या वस्तूला कुणी त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेही पैसे दिले नव्हते, हे मी आतल्या आत हिशोबून बघत होतो. गिरणीचा स्टॅबिलायझर इतकी वर्षं चालतोय, त्याचे मला मिळाले होते साडेतीनशे. महादेवी आतल्या दारात उभी होती, तिनं तोंड उघडलं नाही. ती बोलली असती तर मला बरं पडलं असतं. नको म्हटल्याचं खापर तिच्यावर फोडता आलं असतं.

शेठ म्हणाले, “विचार करून सांगा.”

मी म्हणालो, “केला. नको.”

“कारण तरी सांगा.”

कारण सांगायला मी उभा राहिलो, आणि पहिल्यांदाच सगळं एका वाक्यात मावलं: “चूक माझी हाय, ती मी विकत न्हाय.” शेठनी रुमाल उचलला, झटकला, नीट घडी घातली.

नोंद पक्की असावी म्हणून लिहून ठेवतो. मागितलं ते असं: चिपदर्शक, पहिली आवृत्ती, लाल ‘नाही’सकट, खाली माझं नाव, कायमची मालकी, दुरुस्ती वर्ज्य. मी नाकारलेली रक्कम: दोन लाख पंचाहत्तर हजार रुपये.